चिंगळीचा जोडीदार

नीलिमाने जांभूळ गावच्या शेतात लावलेला मका इतका मरतुकडा निघाला, की शेताची मालकीण सखू घरी येणाऱ्या पाहुण्यांना मागच्या वाटेनं आणू लागली. पुढच्या वाटेवरून मका दिसायचा. कुठे गुडघ्याएवढा, कुठे कमरेएवढा, पानं आखडलेली, एक ओळ पिवळी तर दुसरी वाकडी. शेजारी वाल कसा हिरवागार पसरलेला, आणि मधोमध ही शोभा.

“बाय, यो मका हाय का गवात?” सखूने एकदाचं विचारलंच.

“मकाच आहे सखूताई. आणि हवा तसाच आलाय.”

“हवा तसा?” सखूने नवऱ्याकडे, चंदरकडे पाहिलं. चंदरने आभाळाकडे पाहिलं. बायको आणि पाहुणी या दोघींच्या मध्ये सापडला की तो आभाळच बघायचा.

नीलिमा बदलापूरची. म्हणजे लग्नानंतरची. त्याआधी जालन्याला एका बियाणे कंपनीत मक्याची नवी वाणं तयार करायचं काम तिने मन लावून केलं होतं. नवऱ्याला अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी लागली, बिऱ्हाड इकडे आलं आणि मका सुटला. सुटला असं तिला वाटत होतं. मग एकदा गॅलरीतल्या कुंड्यांसाठी मेथीचं बी आणायला ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हसानंदशेठच्या बियाणांच्या दुकानात गेली. शेठ एका गिऱ्हाइकाला सांगत होते, की हायब्रीड मक्याचं कणीस ठेवून तेच बी पुढच्या वर्षी पेरलं तरी पीक तसंच येतं.

“नाही येत,” नीलिमा मागून म्हणाली.

गिऱ्हाईक निघून गेलं. शेठ रागावतील असं तिला वाटलं, पण त्यांनी तिला स्टूल दिलं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत त्यांनी मनातली गोष्ट बोलून टाकली होती. जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं विकली, आता आपलं स्वतःचं एक वाण हवं. भाजून खायच्या कणसाचं. “मॅडमजी, इथल्या पावसात टिकला पाहिजे, वाऱ्यात पडला नाही पाहिजे, और दाना ऐसा, की आदमी एक खाके दूसरा माँगे!”

नीलिमाने घरी येऊन कुकर लावला आणि शिट्टी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की कुकरात तांदूळच घातले नाहीत. डोक्यात मका परत शिरला होता.

शेठनी जांभूळला चंदरचं शेत खंडाने घेऊन दिलं, आणि कृषी विद्यापीठातून तिने रीतसर मक्याच्या शुद्ध ओळी मागवल्या. हायब्रीडचे आईबाप यांतूनच निवडायचे असतात. सखूला तिने बांधावर बसून समजावलं. मक्याच्या तुऱ्यातली पूड त्याच झाडाच्या कणसावर टाकायची, त्याचं बी पुन्हा पेरायचं, पुन्हा तसंच. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की ओळ शुद्ध होते, सगळी झाडं एकसारखी येतात, पण जोम निघून जातो.

“म्हंजे घरातल्या घरात लग्नं लावून लावून यांची ही दशा जाली,” सखू म्हणाली.

“तेच. आता दोन वेगळ्या घरांतली जोडी जमली, की पोर दोघांपेक्षा दांडगं निघतं. फक्त कोणती जोडी जमेल, ते तोंड बघून कळत नाही. जमवून बघावं लागतं.”

हे मात्र सखूला पटलं. लग्न जमवणं हा तिचा हातखंडा विषय होता. त्या दिवसापासून तिने शेतात लक्ष घातलं आणि ओळींना नावं द्यायला सुरुवात केली. जेमतेम कमरेएवढी, पण प्रत्येक झाडाला दोन कणसं धरणारी ओळ, तिचं नाव चिंगळी. किडकिडीत, वाकलेला, वर तुरा मात्र झाडूएवढा, तो झिपऱ्या. सगळ्यांत एकटाच उंच, ताठ, गडद पानांचा आणि हातभर कणसाचा, तो राजा.

हसानंदशेठ शेत बघायला आले आणि राजापुढे उभे राहिले ते हलेचनात. राजाशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

“बस! यही बाप. आई कोणती पण घ्या.”

“शेठ, हा स्वतः देखणा आहे. पोरांना काय देतो ते अजून कुठे माहीत आहे?”

“साईं, ज्याच्याकडे आहे तोच देणार ना!”

नीलिमाने वाद घातला नाही. त्या हिवाळ्यात तिने प्रत्येक ओळीचा प्रत्येकीशी संकर केला. कणसाचे केस बाहेर यायच्या आत त्यावर कागदी पिशवी, तुऱ्यावर दुसरी पिशवी, सकाळी तुरा झटकून पूड गोळा करायची, ठरलेल्या कणसावर टाकायची, पुन्हा पिशवी बांधायची. लांबून बघणाऱ्याला अख्ख्या शेतानं टोप्या घातल्यासारखं दिसायचं. गावात बातमी पसरली, की चंदरच्या मक्याला थंडी वाजते.

पावसाळ्यात त्या सगळ्या जोड्यांची पोरं शेतात उभी राहिली, आणि सखूची मान ताठ झाली. तीच माती, तेच पाणी, पण मका चंदरच्या डोक्याच्या वर गेला. राजाची पोरं उंच झाली खरी, पण भाद्रपदातल्या एका वादळी संध्याकाळी त्यातली बरीचशी आडवी झाली. जी उरली त्यांची कणसं शेंड्याकडे रिकामी. शेठ चिखलात पाय रोवून बघत राहिले. चिंगळी आणि झिपऱ्या यांचं पोर मात्र काही झालंच नाही अशा थाटात उभं होतं.

तरी नीलिमा तेवढ्यावर थांबली नाही. कणसं खायची होती, तर खाऊनच ठरायला हवं. तिने निवडक जोड्यांची कणसं खुणा करून कॅम्प तीनच्या बाजारात नेली. शेठच्या दुकानासमोर तुळशी नावाची बाई कोळशावर कणसं भाजायची. तिच्या शेगडीभोवती सगळे जमले. शेठना कोणतं कणीस कुणाचं ते सांगितलं नव्हतं. मीठ-लिंबू चोळून एकेक कणीस त्यांच्या हातात आलं. पहिल्याला ते म्हणाले, “ठीक.” दुसरं अर्धं ठेवून दिलं. तिसरं त्यांनी एका दमात फस्त केलं. दाणे संपले तरी रिकाम्या कणसाला लागलेलं मीठ चोखत राहिले.

“हे कोण?”

“चिंगळी आणि झिपऱ्या.”

“और वो आधा छोड़ा हुआ?”

“राजा.”

शेठनी रुमालाने मिशा पुसल्या. “आदमी को भी शादी के बाद ही पता चलता है,” ते गंभीरपणे म्हणाले. तुळशी इतकी हसली, की शेगडीवरचं एक कणीस करपलं.

जोडी ठरली. आता आई कोण आणि बाप कोण? हा प्रश्न नीलिमाला अवघड गेला नाही. ज्या झाडावर विकायचं बी धरायचं, ती आई. चिंगळी दोन कणसं देत होती, म्हणून आई ती. झिपऱ्याचा तुरा भरघोस, म्हणून तो बाप. अडचण एकच होती. झिपऱ्या उतावळा. चिंगळीचे केस बाहेर येईपर्यंत त्याची पूड उडून संपायची. म्हणून पुढच्या हिवाळ्यात नीलिमाने झिपऱ्या दोन खेपांना पेरला, थोडा चिंगळीबरोबर आणि थोडा उशिरा. पहिला दमला तर दुसरा तयार.

हिशेब चोख होता. जानेवारीत मात्र दोन गोष्टी घडल्या. बदलापुरात कडाक्याची थंडी पडली आणि चिंगळी जागच्या जागी थबकली. आणि चंदरच्या पुतण्याचं, धर्मेशचं लग्न निघालं. हळदीच्या आदल्या दिवशी मांडवाच्या गडबडीत शेताचं फाटक उघडं राहिलं, आणि धर्मेशच्या बापाच्या, अनंताच्या म्हशी शेतात शिरल्या. वाल त्यांनी हुंगून सोडून दिला. उशिरा पेरलेला झिपऱ्या मात्र कोवळा होता. सकाळी नीलिमा आली तेव्हा त्याच्या जागी नुसते बुडखे होते.

नीलिमा बांधावर बसली. समोर पहिल्या खेपेचा झिपऱ्या ऐन भरात होता. वारा आला की पिवळी पूड धुरासारखी उडत होती. आणि चिंगळीची कणसं पानांत गुरफटून ढिम्म. एकीचाही केस बाहेर नाही. अजून चार-दोन दिवसांत पूड संपली, की वर्ष गेलं.

अनंता हळदीचे कपडे घालून धावत आला. तो हात जोडायला लागला तशी नीलिमाच म्हणाली, “भाऊ, म्हशींना काय कळतं? आज तुमच्या घरी कार्य आहे. तुम्ही जा.”

“काय उपाव हाय का नाय?” सखूने विचारलं.

उपाय होता. कणसाची वरची पानं शेंड्याला बोटभर कापली, तर आतले केस वाट मोकळी मिळून लवकर बाहेर पडतात. जालन्याला तिने हे पाच-पन्नास कणसांवर केलं होतं. इथे अख्खं शेत होतं, आणि कापायचं आजच. शिवाय चिंगळीचे स्वतःचे तुरेही उपटायचे, नाहीतर ती स्वतःचीच पूड धरून बसायची.

“माणसं कुठून आणू सखूताई? सगळं गाव हळदीला.”

“गाव हळदीला हाय, म्हंजे गाव हितंच हाय,” सखू म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

सखूची मुलगी करिष्मा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायच्या कामाला होती. हळदीसाठी तिने सुट्टी घेतली होती आणि सोबतच्या मैत्रिणींनाही बोलावलं होतं. तिने त्यांच्यातल्या एकीला फोन लावला. “सुन, आते टाइम सबका कटर लेके आ. हां, वहीच धागेवाला. मक्याचे केस कापायचेत. मस्करी नाय करत, ये तू!”

दुपारपर्यंत शेअर रिक्षा भरभरून मुली आल्या, नटूनथटून, गजरे माळून, हातात धागे कापायचे चिमटे. गावच्या बायका पिवळ्या साड्यांत आल्या. नीलिमाने एका कणसावर दाखवलं, इथे कापायचं, याच्या खाली नाही, आत कोवळा शेंडा आहे तो सांभाळायचा. एका मुलीने एक कापून दाखवलं. नीलिमा बघतच राहिली. दिवसभर जीन्सच्या शिवणीतला धागा कपड्याला धक्का न लावता उडवणारे हात होते ते. सरसर ओळी पुढे सरकू लागल्या.

लग्नातले धवले म्हणणारी जनाबाई वयामुळे वाकली होती, तिला कणसापर्यंत वाकावंही लागेना. तिने कापता कापता सूर लावला:

“चिंगळी बाय नवरी गो, हिरवे शालूत उभी,
झिपऱ्या दारी आयलाय गो, हिची वेणी नाय सुटली!”

शेतभर हशा पिकला. मांडवातल्या डीजेवाल्यालाही राहवलं नाही, त्याने स्पीकरचं तोंड शेताकडे वळवलं. तेवढ्यात हसानंदशेठ आहेराचं पाकीट घेऊन पांढऱ्या सफारीत हजर झाले. काय घडलंय ते कळल्यावर ते बूट काढून ओळीत शिरले. तुरे उपटायचं काम त्यांना दिलं. मागून कुणीतरी त्यांच्या गालांना हळद फासली. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा सफारी कुठल्या रंगाची होती, ते सांगायला कुणी राजी झालं नसतं.

काम संपलं, हळद लागली, रात्री गाव नाचलं. नीलिमा घरी येऊन पडली, पण तिचा डोळा काही लागला नाही. दुसऱ्या दिवशीही शेतात काही दिसलं नाही. ती तिसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, ठेवणीतली साडी नेसून आधी शेतावर गेली.

चिंगळीच्या प्रत्येक कणसाच्या तोंडाशी केसांचा ब्रशसारखा एकसमान कापलेला झुबका बाहेर आला होता. फिकट, ओलसर, उन्हात रेशमासारखा चमकणारा. झिपऱ्यात अजून जीव होता. नीलिमाने पदर कमरेला खोचला आणि एका टोकापासून त्याचे तुरे हलवत निघाली. पूड तिच्या केसांवर, खांद्यांवर, काठपदरावर पडत होती. मग सखू आली, करिष्मा आली. मांडवात अंतरपाट धरला होता तरी ह्या तिघी तुरेच हलवत होत्या. अक्षता टाकायला त्या पोचल्या तेव्हा भटजींचं मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं चाललं होतं. नीलिमाने नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या आणि सोबत थोडी मक्याची पूडही पडली. ती मनातल्या मनात हसली. धर्मेशला शिंक आली.

मार्च संपताना सखूच्या अंगणात कणसांचा ढीग पडला. पहिलं कणीस नीलिमाने सखूपुढे धरलं, सखूनेच ते सोललं. बुडापासून पार शेंड्याजवळपर्यंत दाणे. काही कणसांत मधे एखादी फट होती, ती नीलिमाने बाजूला काढली. पण ढीग भरलेल्यांचाच होता. शेठ फोनवर कुणाशी तरी सिंधीत इतक्या मोठ्याने बोलत होते, की फोनची गरजच नव्हती. अनंताने स्वतः उभं राहून शेताला नवं फाटक बसवलं.

करिष्मा मात्र ढिगाशी नव्हती. ती शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात, मागाहून पेरलेल्या आणि आता तुऱ्यावर आलेल्या उरलेल्या शुद्ध ओळींमध्ये फिरत होती. नीलिमा तिच्याजवळ गेली.

“काय बघतेस?”

“मॅडम, कारखाना सोडून इथे यायचं म्हणतेय. शेठशी बोलू का तुम्ही बोलाल?”

“मी बोलते. पण आधी सांग, काय बघत होतीस?”

करिष्माने दोन ओळींकडे बोट दाखवलं. एक लालसर खोडाची, एक बुटकी, पसरट पानांची. “यांची जोडी लावली तर?”

“याच दोन का?”

करिष्माने जरा विचार केला. “काय माहीत. मना आवडल्या.”

नीलिमाने पिशवीतून कागदी टोप्यांचा जुडगा काढला आणि तिच्या हातात ठेवला. “मग लावून बघ. काय निघतं ते पावसाळ्यात कळेल.”