बाटलीवरचे ठिपके

"फक्त बोट फिरवायचं, बाई. नाव वाचायचं आणि हसायचं," साहेब माझ्या कानाशी म्हणाले. "फोटोवाले तेवढ्यासाठीच थांबलेत."

हे कंपनीचे जाहिरातवाले साहेब. दारातच त्यांनी माझ्या मुठीत आपलं कार्ड कोंबलं होतं, आता व्यासपीठावर दुसऱ्या हातात बाटली दिली. मी बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. काही म्हणता काही लागेना. मी हळूच विचारलं, ब्रेलचे ठिपके कुठे आहेत?

"ते काय, तुमच्या बोटाखालीच. चंदेरी रंगात छापलेत. काय सुंदर दिसतात!"

दिसतात म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

याच कंपनीच्या दोन बाटल्या माझ्या घरी असायच्या. एकीत भांड्यांचा साबण, दुसरीत संडास धुवायचं ॲसिड. आकार तोच, झाकण तेच, फरक काय तो रंगाचा. रंग मला काय कपाळाने कळणार? मी ॲसिडच्या बाटलीला रबर बँड घालून ठेवायची. एक दिवस तो ॲसिडनेच कुजून गळून पडला, मी साबण समजून तीच बाटली हातावर ओतली आणि माझ्या डाव्या हाताची बोटं भाजली. मी वेताच्या खुर्च्या विणते. हात बरा होईपर्यंत तेही बंद.

धाकटा भाऊ धावत आला. म्हणाला, ताई, पुरे झालं एकटीने राहणं, माझ्याकडे चल. भाऊ वाईट नाही हो. पण त्याच्या घरी मी पाहुणी, आणि पाहुणीला पाणीसुद्धा कुणीतरी आणून द्यायचं. माझ्या खोलीत झोपेतही माझा हात बरोबर मिठाच्या डब्यावर जातो. ती खोली सोडायची म्हणजे हातच सोडायचे. शेवटी मीच त्याच्याशी तह केला. कंपनीने बाटल्यांवर बोटाला लागणारे ठिपके आणले आणि मला ते वाचता आले, तर मी माझ्या खोलीत राहणार. नाही आले, तर मुकाट तुझ्याकडे येणार. त्याने कबूल केलं.

मग मी कंपनीच्या कचेरीत जाऊन बसायला लागले. रोज. रखवालदार आधी ओरडला, मग कंटाळला, मग मला खुर्ची द्यायला लागला. भाजलेली बोटं पेपरात छापून आली तर काय, ही धास्ती आतल्यांना असणारच. एक दिवस निरोप आला, ठिपके येणार, समारंभाला या. शेजारीण म्हणाली, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ही म्हण कुणा डोळसानेच काढलेली असणार. आम्ही मागितले ठिपके, आणि देवाने दिला फोटो.

भाऊ समोरच्या रांगेत बसला होता, त्याचा खोकला मी ओळखते. मला फक्त नाव म्हणायचं होतं. ते साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं असतं, तर त्याला काय कळणार होतं? खोली माझी राहिली असती. खोटं कशाला बोलू, मी तोंड उघडलंही होतं. पण उद्या माझ्यासारखीच कुणी एखादी, आता ठिपके आलेत म्हणून, रबर बँड न घालता ही बाटली ओट्यावर ठेवणार होती.

"इथे काही नाही," मी माइकमध्ये म्हणाले. "सपाट आहे."

साहेब हसले आणि मोठ्या मायेने लोकांना समजावून सांगायला लागले, की बाईंची बोटं भाजलेली आहेत, त्यामुळे बिचाऱ्यांना आता स्पर्श नीटसा कळत नसेल. मागून कुणीतरी अरेरे केलं.

यांच्याच बाटलीने भाजलेली बोटं, आणि दोष पुन्हा बोटांचाच! मी बाटली खाली ठेवली. मुठीतलं कार्ड सरळ केलं आणि भाजलेल्या हाताचंच बोट त्यावर ठेवलं. सहावीपर्यंत मला दिसत होतं, अक्षरांची वळणं अजून विसरलेले नाही. कार्डावर अक्षरं चांगली जाड उठवलेली होती. मी एकेक अक्षर लावत साहेबांचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, खालचा हुद्दाही वाचला.

"साहेब," मी म्हणाले, "बघून वाचणाऱ्यांसाठी तुम्ही तुमचं नाव एवढं उठवून छापलंत. आणि आम्हाला हात लावून वाचायचं, ते सपाट?"

माइक बंद झाला. कुणीतरी मला दंडाला धरून खाली आणलं, जणू मीच काही सांडलं होतं.

बाहेर आल्यावर भाऊ माझ्यापाशी आला. मग म्हणाला, "बरोबर बोललीस, ताई." आणि माझा हात धरून म्हणाला, "रविवारी टेम्पो आणतो."

तह तो तह. मी शब्द फिरवला नाही. रडले ते टेम्पोत, इंजिनाच्या आवाजात.

भावजय चांगली आहे. इतकी चांगली की तिच्यावर चिडायचीही सोय नाही. मी उठले की तिचं सुरू होतं, ताई, तुम्ही बसा हो, काय हवं ते सांगा. बसायला प्लास्टिकची खुर्ची. इकडे वेताच्या खुर्च्या विणायला कुणी आणून देत नाही.

असंच वर्ष गेलं. माझ्या खोलीत केव्हाच दुसरं कुणी राहायला आलं होतं. एका सकाळी भावजय मोरीपाशी कुरकुरत होती. नवीन बाटली आणलीय, नुसती खरखर लागतेय हाताला, माल खराब दिसतोय. मी चाचपडत तिच्यापाशी गेले आणि बाटली मागून घेतली. ओली होती, आकार ओळखीचाच. बोट ठेवलं, तर खाली ठिपके. उभे, टणक, एकेक वेगळा कळणारा. मी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

"भांड्यांचा साबण."

"हो का? बरं झालं बाई," भावजय म्हणाली आणि तिने बाटली माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "पण तुम्ही बसा, ताई. भांडी मी घासते."

मी खुर्चीत जाऊन बसले. बोट ओलं होतं, ते बराच वेळ पुसलं नाही.