पातं काढलं तरी फिरणारी टाकी

गोंदियाच्या राइस मिलांच्या रांगेत, पार टोकाला, गुलाबचंद शेठचा कारखाना. तिथं रंग घुसळायच्या टाक्या बनत. मध्ये फिरणारं पातं, आणि रंग नुसता गोल गोल पळू नये म्हणून भिंतीला उभ्या पट्ट्या. नागपूरच्या एका रंग कंपनीनं तक्रार केली, की टाकीच्या तळाशी गाळ बसतो. टाकीतला प्रवाह संगणकावर काढून दाखवणारी भूमिका ही तिथली एकटीच इंजिनिअर. शेठनं तिला कामाला बसवलं.

पहिलंच चित्र पडद्यावर आलं आणि शेठ हरखले. सगळी टाकी लालभडक. म्हणजे तळापासून काठापर्यंत रंग जोरात पळतोय.

"देख! काहाचा गाळ? पुरी टाकी घुमून राहिली!"

भूमिकाला काही ते पटेना. भिंतीलगतचा रंग पात्याच्या टोकापेक्षाही जोरात धावत होता. मग पट्ट्या काय शोभेला लावल्या? गणितासाठी संगणक टाकीचे जे चौकोन पाडतो, ती जाळी तिनं आणखी बारीक केली. चित्र तसंच. रंगाचा दाटपणा तपासला, बरोबर होता. शेवटी वैतागून तिनं पडद्यावरच्या टाकीतून पातंच काढून टाकलं. तरी टाकी तितक्याच उत्साहानं घुसळत राहिली!

तेव्हा तिला हसू फुटलं. पात्याभोवतीचा जेवढा भाग फिरता आहे असं संगणकाला आखून द्यायचं असतं, तो तिनं थेट भिंतीपर्यंत आखला होता. संगणकाच्या लेखी भिंतीच्या पट्ट्याच गरागरा फिरत होत्या. तिनं तो भाग पात्यापुरता आवळला, पातं परत बसवलं. नवं चित्र आलं: मध्ये थोडं लाल, आणि तळाशी निळंशार, म्हणजे जवळजवळ थांबलेलं डबकं. गाळ तिथंच बसत होता.

शेठचं तोंड उतरलं. "हे काऊन बिगाडलं? पहिलं अच्छा होतं."

"पहिलं चुकलं होतं, शेठजी."

"तं निळा कलर काढून टाक ना. लाल कर. कॉम्प्युटर तं आपलाच आहे."

रंग कंपनीचे हिमांशू साहेब आले, तेव्हा शेठनं लाल चित्रच लावलं. साहेबांनी मान डोलावली, मोबाइलवर फोटोही घेतला. भूमिकाला राहवेना.

"सर, या चित्रात पातं काढलं तरी टाकी फिरते."

शेठनं डोळे वटारले. हिमांशू मात्र खुर्चीत पुढं सरकले. "पात्याबगैर? मंग मोटर लहान लागन का?"

तिनं चूक समजावली, निळं चित्र दाखवलं.

"मंग इलाज?"

"पातं वीतभर खाली आणायचं. बस."

"बस?" साहेबांचा चेहरा पडला. "एवढ्या मीटिंगा झाल्या अन् वीतभर? डायरेक्टर साहेबाले सांगू काय मी?"

आता शेठ रंगात आले. "वीतभर कायले सांगता? 'गहन तल मंथन प्रणाली' म्हणा!"

हिमांशूंनी ते लगेच लिहून घेतलं.

नागपुरात पातं खाली आलं. टाकी रिकामी करून उघडली त्या दिवशी भूमिका स्वतः वाकून बघत होती. तिनं तळावरून हात फिरवला. गाळाचा कण नाही. तिला मनापासून बरं वाटलं. मागं डायरेक्टर साहेबांचं त्या प्रणालीवर भाषण चाललं होतं. ते संपवून साहेब तिच्याकडे वळले.

"मॅडम, आप अकाउंट्स से हैं?"

"नाही सर. पातं मी खाली घ्यायला लावलं."

साहेब दिलखुलास हसले, "व्हेरी गुड" म्हणाले आणि जेवायला गेले. भूमिकानं हात पुसला. भूक तिलाही लागली होती.