पोळ्याच्या दिवशीचे बेचाळीस मिलिमीटर

मित्रांनो, वडनेरला नानाजींच्या अंगणात पत्र्याचा एक जुना पर्जन्यमापक उभा आहे. तोच मी. पुण्याच्या कारखान्यात तयार झालो आणि एका शेतकरी शिबिरात नानाजींना मिळालो. डोक्यावर नरसाळं, पोटात बाटली, एवढाच माझा थाट!

नानाजी रोज सकाळी साडेआठला माझ्यातलं पाणी मोजून वहीत लिहीत. लग्न असो की पेरणी, वेळ सहसा चुकत नसे. सत्तावीस वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते चक्रावले.

"वावरात ढेकूळ नाई भिजलं, अन् हा बेचाळीस काऊन दाखवून राह्यला?"

"म्याच टाकलं नं तांब्याभर पाणी," त्यांच्या पत्नी रुख्माबाई म्हणाल्या. "वखराची पूजा केली, तिफणीची केली. मंग त्याले काऊन सोडू?"

नानाजी पोट धरून हसले. पण वहीत खाडाखोड करणं त्यांना आवडत नसे. दुरुस्ती ते शेवटच्या पानावर लिहीत.

पुढे त्यांची नजर अधू झाली. माझ्या नरसाळ्यात कोळ्यानं घर केलं. कुणी विचारेना, याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग नात मोहिनी पीएचडी करून आली. एका तंत्रविद्यापीठात पुढच्या संशोधनासाठी दोन वर्षांची एकच जागा निघाली होती. गावागणिक पाऊस कसा बदलतो, हा तिचा विषय. नानाजींच्या वह्यांतले सगळे आकडे तिनं अर्जासोबत पाठवले.

मुलाखत ऑनलाइन होती. घरात नेटवर्क नाही, म्हणून ती अंगणात माझ्याशेजारीच बसली.

मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापक इंदिराबाईंनी पोळ्याची ती जुनी नोंद काढून विचारलं, "त्या दिवशी आजूबाजूला कुठेच थेंब नाही. तुमच्याकडे बेचाळीस मिलिमीटर? मग बाकीचे आकडे तरी खरे कशावरून?"

मोहिनीचा चेहरा उतरला. माझ्यामुळे पोरीची जागा जाणार!

"शेवटचं पान पाह्य, पोरी," खाटेवरून नानाजी म्हणाले.

तिनं वही उघडली आणि कॅमेऱ्याकडे पाहून सरळ सांगितलं, "चूक माझी आहे, मॅडम. मी शेवटचं पान पाहिलंच नाही." मग तिनं वाचलं: "पोळा. पाऊस नाही. पूजेचं पाणी. आकडा धरू नये." खाली आणखी होतं: "वासरानं पाडलं, माप नाही." "सिंदीला लग्नाला गेलो, माप नाही."

इंदिराबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "ज्यांनी स्वतःच्या चुका इतक्या जपून लिहिल्या, त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर मी भरवसा ठेवीन."

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. त्या दिवशी माझी छाती पत्र्याची असूनही फुगली!

जाताना मोहिनीनं मला घासून लख्ख केलं आणि वही रुख्माबाईंच्या हाती दिली. "आजी, आता तू लिहीत जाजो."

मित्रांनो, मोजण्याची साधनं स्वच्छ ठेवा आणि चुकलात तर तेही लिहून ठेवा. ते पान लाजेचं नसतं.

यंदाच्या पोळ्याला रुख्माबाईंनी मला बाहेरून हळदकुंकू लावलं. तांब्या मात्र दूर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून माझ्यात डोकावल्या आणि वहीत जपून लिहिलं: शून्य. एवढ्या वर्षांत इतका अभिमान मला कोणत्याच आकड्याचा वाटला नव्हता.