आत न जाण्याचं काम

"आत आलात तर बाकाला बांधून ठेवीन, मास्तर," धाकटीनं बजावलं आणि सभागृहाचं दार लावून घेतलं.

मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. शेजारशेजारच्या सहा देशांनी मिळून काढलेली ही संघटना. तिच्यात मध्यस्थीचा विभाग उभा करायला एका मोठ्या जागतिक संस्थेनं त्यांना सल्लागार म्हणून पाठवलं होतं. भांडणाऱ्यांच्या मधे कसं बसायचं, हे त्यांनी इथल्या माणसांना काही वर्षं शिकवलं. धाकटी विभागात वयानं सगळ्यांत लहान, म्हणून ते नाव पडलं. ती प्रमुख झाली तरी सुटलं नाही.

आज विभागाची पहिली खरी बैठक. दोन देशांच्या मधल्या सरोवरात गस्तीच्या बोटींनी एकमेकांचे मच्छीमार धरून ठेवले होते. आता कुणाच्या हातून एक गोळी सुटली असती तरी भडका उडाला असता. दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: बाहेरचा माणूस नको. म्हणजे मास्तर नकोत.

बायकोचा फोन आला.

"काय करताय?"

"काही नाही."

"जमतंय?"

"हात शिवशिवतायत गं."

"जावयाच्या घरातला प्रत्येक नळ तुम्हालाच दुरुस्त करायचा असतो. तिथे तरी आवरा स्वतःला."

तासाभरानं धाकटी बाहेर आली. चेहरा पार उतरलेला.

"दोन्ही देशांचे मंत्री उठायच्या बेतात आहेत. भाषणांच्या पुढे गाडीच जात नाही. काय करू, मास्तर?"

उत्तर तयार होतं. मंत्र्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि एकेकाला गोंजारायचं. सगळी नोकरी त्यांनी त्यावरच काढली होती. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं.

"तुला काय वाटतं?"

"इथे माझं घर पेटलंय आणि तुम्ही परीक्षा घेताय!"

"परीक्षा माझी चाललीय, बाई."

ती पाय आपटत आत गेली.

थोड्या वेळानं दोन्ही मंत्री बाहेर आले, एकमेकांकडे न बघता जिना उतरले. मास्तर बाकावरून उठले. मोडली बैठक! पण मागून धाकटी आली, आणि तिच्यासोबत शेवटच्या रांगेत गप्प बसलेले गस्तीचे दोन कप्तान. हे दोघं रोज रात्री वायरलेसवर एकमेकांना दरडावत. तोंडं मात्र आजच पाहत होते.

"तो सारखा खोकणारा तूच काय?"

"आणि धमकी देता देता जांभई देणारा तू!"

मंत्र्यांना सोडून कप्तानांना आधी बोलू द्यायचं, हे मास्तरांना सात जन्मांत सुचलं नसतं.

"मंत्र्यांनी मला दुपारपर्यंतचा वेळ दिलाय," धाकटी म्हणाली. "तुमची खोली लागेल." विचारलं नाही, सांगितलं.

मास्तरांनी टेबलावरचा पसारा कपाटात कोंबला, खिडकी उघडून दिली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग लक्षात आलं, चष्मा आतच राहिला. स्वतःच्या खोलीच्या दारावर त्यांनी पहिल्यांदाच टकटक केलं.

"थांबा हो जरा!" आतून धाकटी ओरडली. नकाशा उलगडल्याचा आवाज आला, मग खोकला, मग दोघांचं एकदम बोलणं.

मास्तर दारापासून मागे सरले. समोरच्या भिंतीवर सूचनांचा फलक होता. त्यातलं एकही अक्षर दिसत नव्हतं, तरी ते हात मागे बांधून तो सावकाश वाचत उभे राहिले.