मागे घेतलेलं ताट

प्रभुभोजनाच्या पावाच्या तुकड्यांचं ताट गवंड्यासमोर आलं. त्यानं हात पुढे केला, आणि मी ताट मागे घेतलं.

चर्चमध्ये तेव्हा साठ-पासष्ट माणसं होती. गवंड्याचा हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला. पेरांत सिमेंट बसून बोटं पांढुरकी पडली होती. मग तो उठला आणि कुणाकडेही न बघता बाकांमधल्या वाटेनं बाहेर निघून गेला.

मी सव्वीस वर्षांचा होतो. पाळक म्हणून ती माझी पहिलीच नेमणूक, आणि येऊन उणेपुरे सात महिने झालेले. आता निवृत्त होऊनही अकरा वर्षं झाली. नात कधीकधी विचारते, "आजोबा, तुमचं पहिलं चर्च कसं होतं?" मी तिला गळक्या छपराबद्दल सांगतो, वाऱ्यानं आपोआप वाजणाऱ्या घंटेबद्दल सांगतो. हे मात्र कधी सांगितलेलं नाही.

गवंडी आणि त्याची थोरली बहीण नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. बहीण शिवणकाम करायची, एकटीच राहायची. आई गेली तेव्हा भावानं वेळेवर कळवलं नाही, दफन उरकल्यावर निरोप आला, असं तिचं म्हणणं. भाऊ त्यावर अवाक्षर काढायचा नाही. रविवारी ती खिडकीजवळच्या बाकावर, तो दाराजवळच्या. मला ते बघवेना. नुकताच शिकून आलेलो, नियम तोंडपाठ. दोघांनाही मी बजावलं, "पुढच्या प्रभुभोजनाआधी समेट करा. जो पुढाकार घेणार नाही, त्याला मी ताट देणार नाही."

बहीण म्हणाली, "माझी कुठे ना आहे? त्याला विचारा."

त्या रविवारी सकाळी मी गवंड्याला दारातच गाठलं. "भेटलात का बहिणीला?"

"नाही जमलं, साहेब," एवढंच तो म्हणाला.

उपासना संपल्यावर मंडळीतले ज्येष्ठ माझी पाठ थोपटून गेले. "शिस्त हवीच होती," शाळामास्तर म्हणाले. खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी बहीण माझ्या दारात उभी. मापाची टेप गळ्यात तशीच. बसा म्हटलं तर बसली नाही.

"ताट माझ्यापुढून काढायला हवं होतंत तुम्ही."

"म्हणजे?"

"आला होता तो. शनिवारी संध्याकाळी. तीनदा दार वाजवलं. 'अक्का, मी आहे,' म्हणाला. मी मशीनवर बसलेली. पाय थांबवला, पण उठले नाही. मशीन बंद झाल्याचं त्याला कळलं असणारच. तरी गुपचूप निघून गेला."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"माझी अब्रू गेली असती ना!" ती टेप बोटाला गुंडाळत राहिली. "आणि मी बाकावर बसून तुमच्या हातून पाव खाल्ला."

गवंडी तेव्हा दवाखान्याची भिंत बांधत होता. मी तिथे गेलो, माफी मागितली. त्यानं ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का पाहिलं, थापीनं सांध्यातला जास्तीचा माल खरवडून काढला.

"तुम्ही चारचौघांत केलंत, साहेब." आवाज चढलेला नव्हता. "इथे ऐकायला विटाच आहेत."

शाळामास्तरांच्या कानावर घातलं तर ते उखडले. "पाळकानं माफी मागायची? उद्या तुमचं ऐकणार कोण?" मलाही तीच धास्ती होती.

रविवारी उपदेशाचे कागद घडी करून खिशात घातले. म्हणालो, "मी एका माणसाचा तुमच्यादेखत अपमान केला. त्याचा दोष नव्हता. मी नीट विचारलंही नाही. चूक माझी आहे." दाराजवळच्या बाकावर गवंड्याची बायको एकटीच बसली होती. तेवढ्यात खिडकीजवळून बहीण उठली.

"तो आला होता. दार मी उघडलं नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. तसं झालं नाही. गवंडी पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दीड वर्ष तो चर्चची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटला तर नमस्कार करायचा, थांबायचा नाही.

बहीण मात्र एक दिवस त्याच्या घरी गेली. त्याची बायको मला सांगत होती, "दोघं बसली समोरासमोर. आईचा विषयसुद्धा काढला नाही. यांच्या सदऱ्याची बाही उसवलेली दिसली, तर अक्का म्हणाल्या, काढ तो. तिथेच बसून शिवून दिली."

मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी बसथांब्यावर मंडळी जमली होती. बस आली तसा गर्दीतून गवंडी पुढे झाला. माझी ट्रंक उचलून त्यानं टपावर चढवली, दोरी आवळली, गाठ ओढून ओढून पाहिली आणि खाली उतरला.

"तिकडे किती माणसं, साहेब?"

"दीडशे म्हणतात."

"सगळ्यांची ओळख व्हायला वेळ लागेल." त्यानं हातावरची धूळ झटकली. "लागू द्या."

बस सुटली. मागच्या काचेतून पाहिलं तर लोक पांगत होते. गवंडी आणि त्याची बहीण एकाच रस्त्यानं निघाली होती. बोलत नसावीत. तिचे गुडघे दुखायचे, चाल मंद होती. आणि एरवी लांब ढांगा टाकणारा तो माणूस तिच्यासाठी पावलं आखूड करत चालला होता.