मनाला येईल ते द्या

मी एक जुना ड्रोन आहे. मित्रांनो, माझं वय जेमतेम चार वर्षं, त्यामुळे जुना म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण आमच्यात चार वर्षांत म्हातारपण येतं. माझ्या एका हाताला चीर गेली आहे, कॅमेऱ्याच्या काचेवर बारीक चरा आहे, आणि वारा सुटला की पूर्वीसारखं एका जागी स्थिर राहणं मला जमत नाही. तरी वरून दिसणाऱ्या जगाचं कौतुक अजून कमी झालेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आईबाप आठवत नाहीत, पांढऱ्या हातमोज्यांतली बोटं तेवढी आठवतात. तिथून मी कलबुर्गीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात येऊन बसलो. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटंपालटं करायचं, किंमत ऐकून हळूच परत ठेवायचं आणि मोबाइलचं कव्हर घेऊन निघून जायचं. माझी किंमत ऐकून माणसं गप्प होतात याचा मला तेव्हा फार अभिमान वाटे.

एके दिवशी दानेश्वरी आली. ती हुलसूरची. तिचे वडील जगदेवप्पा यांची तिथं तुरीची आडत आहे. दानेश्वरीनं बसवकल्याणच्या एका स्टुडिओत तीन वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या लग्नाच्या फोटोंचे अल्बम जुळवले होते आणि त्यातून पैसे साठवले होते. तिनं मला उलटंपालटं केलं नाही. नुसतं विचारलं, "हे वाऱ्यात टिकतंय का?" दुकानदार म्हणाला, "टिकतंय की अक्का." ती मला घेऊन गेली.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. हुलसूरच्या आसपास कुणाचं लग्न असो, कुणाच्या नव्या घराचा प्रवेश असो, बोलावणं यायचंच. मी वर गेलो की मांडवातली पोरं नवरदेवाला सोडून माझ्यामागं धावायची. म्हाताऱ्या बायका पदर सावरून वर बघायच्या आणि हात हलवायच्या. मी मनातून फुगायचो. जिल्ह्याच्या ठिकाणी हवाई दलाचा तळ आहे, त्या बाजूला मात्र दानेश्वरी मला कधी उडवायची नाही. जनवाड्याचं एक मोठं लग्न तिनं त्यापायी सोडलं. परवानगीशिवाय उडायचं नाही म्हणजे नाही, या बाबतीत ती पक्की होती.

पक्की नव्हती ती एकाच गोष्टीत. कुणी "किती द्यायचं?" असं विचारलं की तिची मान खाली जायची आणि ती म्हणायची, "तुमच्या मनाला येईल ते द्या."

आता आमच्या भागात हे शब्द कोण म्हणतं? दारात भिक्षेला आलेला जंगम. त्याला दर नसतो. तो आशीर्वाद देतो आणि घरचे श्रद्धेनं देतील ते घेतो. दानेश्वरीच्या तोंडून तेच शब्द आले की माणसंही तशीच वागायची. तिला पाटावर बसवायची, जेवू घालायची, कुंकू लावायची, हातात खण-नारळ द्यायची. वर एखादी नोट. "आपलीच लेक हाय," म्हणायची. त्यात लबाडी नव्हती. माया खरी होती, म्हणूनच पंचाईत होती. कुंकू लावून घेतल्यावर बिलाचं नाव कसं काढणार?

घरात नारळ इतके साठले की दानेश्वरीची आई रोज चटणी करायची. जगदेवप्पा ताटाकडं बघून म्हणायचे, "मी दिवसभर दाण्यादाण्याचा भाव करायलोय, आन् माझी लेक आभाळातलं काम वाटत फिरायलीय."

मग माझी बॅटरी फुगली. नवी घ्यायला पैसे नव्हते. मी कपाटावर गेलो आणि माझ्यावर धूळ बसू लागली. मित्रांनो, उडणाऱ्याला कपाटावर ठेवणं काय असतं ते मी सांगत बसत नाही. मला फार वाईट वाटत असे, एवढंच सांगतो. त्या दिवसांत जगदेवप्पांनी कलबुर्गीच्या एका स्टुडिओवाल्याशी बोलणं केलं. गावची जत्रा झाली की तो येऊन मला विकत नेणार होता. मला नेलं की दानेश्वरीनं पुन्हा त्या अल्बमच्या टेबलावर जाऊन बसायचं, असं घरात ठरल्यातच जमा होतं. तिनं मला खाली काढून फडक्यानं पुसलं.

याच सुमारास राजेश्वरहून नेत्रावतीअक्कांचा फोन आला. तिथल्या शेतकरी बायकांनी मिळून डाळीची एक कंपनी काढली आहे, अक्का तिच्या प्रमुख. त्यांना आपल्या शेतांचं आणि कारखान्याचं चित्रीकरण हवं होतं. दानेश्वरी मला पिशवीत घालून स्कूटीवर निघाली. अक्कांनी जुनी चित्रं पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "किती घेशील?"

"तुमच्या मनाला येईल ते द्या, अक्का."

नेत्रावतीअक्कांनी चष्मा काढला. "मनाला येईल ते मी जंगमाला देते. तू जंगम हायस का?"

"न्हाई."

"मग दर सांग. उद्या मीटिंगमधी बाया मला आकडा विचारतील. त्यांना काय सांगू, पोरगी लई गोड हाय?"

दानेश्वरीनं ओठ उघडले. मला पिशवीच्या फटीतून दिसत होतं. "विचार करून सांगते," म्हणून ती उठली. दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला, तोवर उदगीरच्या एका माणसाला काम गेलं होतं. तो महाग होता. पण त्यानं विचारल्याबरोबर दर सांगितला होता.

त्या दुपारी दानेश्वरीनं मला खाटेवर ठेवलं आणि माझ्यासमोर बसून ती मोठ्यानं हिशेब करू लागली. बॅटरी ठराविक वेळाच भरते आणि मग निकामी होते. पाती झिजतात. विमा आहे, पेट्रोल आहे. मी वर असतो वीस मिनिटं, पण त्यामागं संगणकासमोर दोन दोन दिवस ती एकटी बसते. गिऱ्हाइकाला दिसतात ती फक्त वीस मिनिटं. चार वर्षांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. मग माझ्या काचेत बघून ती म्हणाली, "अर्ध्या दिवसाचे आठ हजार." आणि लगेच, "म्हणजे, तुम्ही घरचेच, बघा कसं जमतंय."

पुन्हा म्हणाली. पुन्हा शेपूट जोडलं. शेवटी बाहेरच्या सोप्यातून जगदेवप्पांचा आवाज आला. मला विकायला निघालेला माणूस तो, पण भाव इतका वाईट सांगितलेला त्याला ऐकवेना. "आकडा सांगितला की तोंड मिटायचं. फुडं बोललं की भाव उतरतोय. पुन्ना म्हण."

ती पुन्हा म्हणाली. या वेळी गप्प राहिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी गावच्या मठातून निरोप आला: रथाचं आणि पंगतीचं वरून चित्रीकरण करून दे, दासोह समजून कर. मित्रांनो, दासोह म्हणजे आपल्या कष्टाच्या कमाईतला वाटा सगळ्यांसाठी देणं. दानेश्वरी हो म्हणाली. एका मैत्रिणीनं बॅटरी उसनी दिली. पण जत्रेच्या सकाळी ती मला हातात घेऊन आधी गेली भगवानरावांकडं. निवृत्त मास्तर, दर वर्षी माईकवरून दासोहाची नावं तेच वाचतात. कुणाची तूर डाळ क्विंटलभर, कुणाचं तूप, कुणाचा गूळ.

"तुझं काय लिहू? ड्रोन सेवा?"

"ड्रोन चित्रीकरण. आठ हजार रुपयांचं."

भगवानरावांची लेखणी थांबली. "पैशे घ्यायलीस का मठाकडनं?"

"न्हाई सर. दासोहच हाय. पण मी देते ते आठ हजाराचं देते. डाळवाल्याची डाळ किती ते तुम्ही सांगता की."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. ती पुढं एक शब्द बोलली नाही. मास्तरांनी लिहून घेतलं.

दुपारी मी पंगतीवर उडत होतो. वर माझ्याच पात्यांचा एवढा आवाज असतो की खालचं मला काही ऐकू येत नाही, फक्त दिसतं. खाली लांबच लांब ओळी, पानांवर वाफाळता भात. भगवानराव माईकपाशी उभे राहिले. ते वाचत होते आणि माणसं जेवत होती. मग एकाएकी जेवणारे हात थांबले. माना वर झाल्या, पण माझ्याकडं नाही. ओळीमागून ओळ एका बाजूला वळली, जिथं दानेश्वरी रिमोट घेऊन उभी होती. चार वर्षं मी आभाळात होतो आणि सगळे मला बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तिला बघितलं. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवा वाटला.

संध्याकाळपर्यंत तिघं तिच्याजवळ येऊन गेले. एक प्लॉटवाला, एका शाळेचे मुख्याध्यापक, एक नवरीचा मामा. "कधी येतेस?" कुणी म्हणालं नाही. तिघांनीही "किती घेता?" असंच विचारलं. मामा दर ऐकून निघून गेला. तो गेला तरी तिनं त्याला परत हाक मारली नाही.

चार दिवसांनी जगदेवप्पा खोलीत आले. मला वाटलं, माझी वेळ भरली. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "कलबुर्गीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. आपल्या आडतीचं चित्र काढायचं हाय, बाहेरच्या व्यापाऱ्यांना पाठवायला. किती घेणार?"

"अप्पा, तुमच्याकडनं काय घ्यायचं?"

"कामून? मी गिऱ्हाईक न्हाई व्हय?"

दानेश्वरी म्हणाली, "आठ हजार."

"सात कर."

ती गप्प राहिली. बाप लेकीकडं बघत होता, लेक बापाकडं. मग जगदेवप्पांनी मान हलवली आणि खिशात हात घातला.

मित्रांनो, आता मी फार दिवस उडणार नाही. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल तर त्याची पाती पुसा, बॅटरी फुगेपर्यंत वाट पाहू नका, वाऱ्यात त्याची परीक्षा घेऊ नका. आणि त्याला उडवणारी समोर आली तर तिला आधी दर विचारा. माया मग सावकाश करा.