पान सत्तेचाळीसवरचा भात

मी एक जुनं लग्नाचं पुस्तक आहे, मित्रांनो. लग्नाचं म्हणजे माझं लग्न झालंय असं नाही. दुसऱ्यांची लग्नं कशी पार पाडावीत ते माझ्यात लिहिलंय. माझी पाठ दोनदा डिंकाने चिकटवली आहे. मुखपृष्ठावरच्या नवरीच्या नथीवर तेलाचा डाग आहे, आणि कुठलंही पान उघडा, हळदीचा नाहीतर गोड्या मसाल्याचा वास येतो. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. माझ्याबरोबर छापलेली, कपाटात कोरी राहिलेली भावंडं केव्हाच रद्दीत गेली असतील. मी अजून कामावर आहे.

माझं नाव 'लग्नघराचा सांगाती'. पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला लिहिलं. बाई भारी टापटिपीच्या. सुपारी फोडण्यापासून मांडवपरतणीपर्यंत कधी काय लागेल, किती लागेल, कोणाच्या हातात द्यायचं, सगळं त्यांनी ओळीने मांडलं होतं. पहिल्याच पानावर छापलं होतं, 'या पुस्तकाप्रमाणे चालल्यास लग्नात काहीही उणे पडणार नाही.' ते वाचून मी असा काही फुगलो की माझी शिवण उसवायचीच बाकी होती. तेव्हा मी एकही लग्न पाहिलेलं नव्हतं, हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा.

पहिल्या मालकाने मला न वाचताच विकलं आणि मी पुण्यात फुटपाथवर येऊन पडलो. तिथून मला मुळशीच्या फारूकभाईंनी उचललं. त्यांनी तेव्हा नुकताच मंडप आणि पंगतीची भांडी भाड्याने देण्याचा धंदा काढला होता. भांड्यांबरोबर गिऱ्हाइकाला चार शहाणपणाच्या गोष्टीही द्याव्यात, अशी त्यांची कल्पना. पहिलं गिऱ्हाईक होते गावातलेच विठ्ठलराव. त्यांच्या रत्नाचं लग्न नांदे गावच्या गेणबाशी ठरलं होतं. सहा मोठी पातेली, दोन काहिली, दोनशे ताटं आणि वर मी, असे आम्ही टेंपोतून त्यांच्या दारात उतरलो.

आता माझा गुन्हा सांगतो. तीस वर्षं होऊन गेली, पण सांगताना अजून पानं आखडतात. माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर 'पंगतीचा भात' आहे. तिथे छापलंय, 'एक भांडे तांदूळ, दोन भांडी पाणी.' बाईंच्या घरी वाण्याकडून वर्षभर मुरलेला जुना तांदूळ येई, त्याला ते माप बरोबर. पण मुळशीत काय रीत? मार्गशीर्षातलं लग्न, आंबेमोहोर नुकताच झोडपून घरात आलेला. पाहुण्याच्या ताटात मागच्या सालचा तांदूळ वाढला तर नाक कापलं जाईल, असं विठ्ठलरावांचं म्हणणं. नवा तांदूळ म्हणजे घमघमाट, नवा तांदूळ म्हणजे मान. तो मानाचा तांदूळ त्यांनी माझ्या मापाने शिजवला, आणि नव्या तांदळाला एवढं पाणी सोसतंय होय? सहाही पातेल्यांत गिच्च गोळा झाला. वाढपी झाऱ्याने उचलायला गेले तर भात झाऱ्याबरोबर उठेना, उठला तर सुटेना.

नवऱ्याची धाकटी बहीण नलिनी करवली म्हणून मिरवत होती. जिभेला हाड नसलेली पोर. भर पंगतीत तिने विचारलं, "भात हाय का पतंगाची खळ?" सगळी पंगत हसली. विठ्ठलराव मान खाली घालून वरण वाढत राहिले. रत्ना बोहल्यावरून उतरून तिथेच उभी होती. मी तांदळाच्या पोत्यावर पडलो होतो, सत्तेचाळीस नंबरचं पान उघडं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्यापुढे नांद्याला रत्नाने भाताचं पातेलं उतरवलं की नणंदेचा प्रश्न ठरलेला असे, आज भात हाय का खळ? नलिनी लग्न होऊन हडपसरला गेली, पण माहेरी आली की हाच प्रश्न घेऊन यायची. तिच्या लेखी ती गंमत होती. रत्नाच्या लेखी तो तिच्या बापाचा अपमान होता, आणि तो तिने कधी गिळला नाही. हे मला पुढे कळलं.

विठ्ठलरावांनी मला रिकाम्या पातेल्यात घालून परत पाठवलं. फारूकभाईंच्या बायकोला, फहमिदाभाभीला, ती पातेली घासायला दोन दिवस लागले. घासता घासता तिने मला उघडलं, सत्तेचाळीसवर आली, कानामागची पेन्सिल काढली आणि सरळ माझ्या समासात लिहिलं, 'नव्या तांदळाला हे माप चालत नाही.' माझ्या अंगावर पेन्सिल! मला आधी भयंकर राग आला. मग वाटलं, बाई बोलतेय ते खरंच आहे.

त्या दिवसापासून भाभीने नियम काढला. भांडी परत करताना प्रत्येक लग्नघराने माझ्यात एक ओळ लिहायची. चांगलं झालेलं लिहायचं नाही, ते फोटोत दिसतंच. चुकलं असेल ते लिहायचं, आणि नाव घालायचं नाही. आधी कोणी हात लावेना. आपली फजिती आपल्याच हाताने कोण लिहून ठेवणार? पण नाव नाही म्हटल्यावर लोकांची भीड चेपली, आणि एकदा चेपली म्हणजे काय विचारता!

'धरणाकडून वारा येतो. मंडपाला पश्चिमेकडून दुप्पट दोर बांधा. आमचा मंडप भातखाचरात सापडला.' 'वरमाईच्या बहिणीची साडी राहून गेली. अजून बोलत नाहीत.' 'काझीसाहेबांना आणायला गाडी पाठवली, आणि मानाने गाडीत बसवून आणलेले गृहस्थ काझीसाहेब नव्हतेच. त्यांना जेवू घातलं.' 'अंतरपाट घरी विसरला. फारूकभाईंच्या टेबलावरचं पांढरं कापड धरलं. संसार झकास चाललाय.' निकाह असो की लग्न, मी दोन्हीकडे जायचो, आणि दोन्हीकडे माणसं सारखीच गोंधळलेली असायची. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, हे उगाच म्हणत नाहीत. तीन हंगामांत माझे समास भरले. मग लोक ओळींच्या मधल्या जागेत लिहू लागले. खरं सांगतो, त्या वर्षांइतका सुखी मी कधीच नव्हतो.

पुढे दिवस पालटले. धरणाच्या काठाने रिसॉर्ट झाले, बावधनला मोठमोठे हॉल उभे राहिले. तिथे काळे टी-शर्ट घातलेली, कानात यंत्र खोचलेली मुलं सगळी लग्नं उरकू लागली. फारूकभाईंच्या सिराजने भांड्यांचा पसारा आवरून लाइटिंगचं काम धरलं. पोरगा वाईट नाही, पण माझ्यावर त्याने कागदी फुलांचा खोका ठेवला तो सहा वर्षं उचलला नाही. लोखंडी कपाटावर मी पालथा पडून होतो. रुसलो होतो म्हणा हवं तर.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं झाली आणि एका सकाळी रत्नाबाई दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. तिला स्कूटरवरून घेऊन आली होती तिची लेक गौतमी. गौतमीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, बावधनच्या हॉलमध्ये. रत्नाबाईने ओट्यावर बसून सगळं सांगितलं. नांद्याचं वरचं शेत विकलं गेलं. गेणबाच्या बापाने कसलेलं शेत, आता तिथे इमारती होणार. या सालचं इंद्रायणीचं पीक काढून घेतलं, तेच शेवटचं. तीस किलो तांदूळ तिने बाजूला ठेवला होता. लेकीच्या लग्नात शेवटचा वरणभात त्या तांदळाचा व्हावा, एवढीच तिची इच्छा. केटररने हात जोडले. नवा तांदूळ चिकट होतो, माझं नाव जाईल म्हणाला. फारच असेल तर हॉलच्या मागे दोन शेगड्या देतो, तुमचं तुम्ही शिजवा. गेणबा म्हणत होता, सोडून दे, लोकांना कुठं कळतंय तांदूळ कुठला ते.

"मला कळतंय न्हवं," रत्नाबाई म्हणाली. "पुढल्या साली त्यो तांदूळ कुटं मिळनार हाय? पन भाभी, तितं वन्सं आसनार. पुन्यांदा खळ झाली तर लेकीच्या लग्नात त्याच त्वांडानं उभी ऱ्हाऊ?"

फहमिदाभाभी आता साठीच्या पुढची. ती उठली, स्टुलावर चढली, खोका सरकवला आणि मला खाली काढून पदराने पुसलं. मला पाहताच रत्नाबाईने हात मागे घेतला. "ते नको," ती म्हणाली. "त्यानंच माजं लगीन नासवलं."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी माफी मागितली असती. पण भाभीने चष्मा लावला आणि सत्तेचाळिसावं पान तिच्यासमोर धरून वाचायला सुरुवात केली. माझं छापलेलं नाही, पेन्सिलीतलं. 'पाणी कमी घातलं तरी गोळाच.' 'खाली करपला, वर कच्चा. व्याही उठून गेले.' 'एका पातेल्यात दहा किलोच्या वर घालू नका, खालचा चेपतो.' 'आमचाही गोळा.' 'गोळा.' 'शेवटी दही घालून दहीभात म्हणून वाढला, कोणाला सांगू नका.' आणि अगदी तळाशी भाभीचं स्वतःचं अक्षर होतं: 'बिर्याणीला करतो तसं करावं. भरपूर पाणी उकळून, मीठ-लिंबू टाकून, शिताच्या पोटात कणी असतानाच पेज वेळून, म्हणजे गाळून काढावी. बांबूच्या पाट्यांत पसरावा, मग तुपावर दम.'

रत्नाबाईने त्या ओळींवरून एकेक करून बोट फिरवलं.

"इतक्या घरात नासला व्हय?" तिने विचारलं.

"अकरा घरात. मोज."

"मला वाटलं, आमचाच," रत्नाबाई म्हणाली, आणि तीस वर्षं ती लाज उरात बाळगलेली बाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. मग रडता रडता त्या दहीभातावर हसायला लागली, तेव्हा गौतमीला काही कळेना.

दुसऱ्याच दिवशी भाभीच्या परसात, लग्नाच्या तीस किलोंना हात न लावता, रत्नाबाईने घरखर्चाला ठेवलेल्या तांदळातला दोन किलोचा नमुना शिजवला. शितावरून भाताची परीक्षा, तशी भाभी दर मिनिटाला एक शीत बोटांत दाबून बघायची आणि रत्नाबाईकडून दाबून घ्यायची. पहिला घाणा मऊ झाला, तो कोंबड्यांना गेला. दुसरा जमला.

लग्नाच्या दिवशी मीही गेलो बावधनला. पुढे झुंबरं, थंड हवा, सनई. मागे दोन शेगड्या, पाट्या, दोघी म्हाताऱ्या आणि तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर मी. नवरीची आई अक्षता टाकून आली ती शालू खोचून थेट पातेल्यापाशी. एका वेळी साडेसात किलो, असे चार घाणे. वेळताना वाफ अशी उठायची की माझ्या कडा मऊ पडल्या. चौथा घाणा पसरला आणि भाभी म्हणाली, बघ. शीत न् शीत सुटं, आणि वास सगळ्या आवारात. केटररचा आचारी चव बघायला आला आणि मुकाट्याने वाटी भरून घेऊन गेला. पंगत आत चालू होती. वाढपी धावत यायचे, अजून द्या म्हणायचे. रत्नाबाई नुसती वाढून देत होती. तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते माझ्या कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही.

तेवढ्यात हातात ताट घेऊन नलिनी मागच्या दाराने आली. आता पन्नाशीची बाई. रत्नाबाईची पाठ ताठ झाली. तिने तीस वर्षं एक उत्तर तयार ठेवलं होतं, ते ओठावर आलेलं मी पाहिलं.

नलिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. "वैनी, ह्यो आपल्या वरच्या शेतातला हाय ना? आबांच्या?"

रत्नाबाईचं उत्तर ओठावरच राहिलं. "तुमी कसं वळखलं?"

"वासानं. ल्हानपनी मळनी झाली की आबा पयला भात मला द्यायचं."

"शेवटचा हाय, वन्सं. शेत गेलं."

नलिनीने मान हलवली. ताटातला भात तिने चिवडला नव्हता, नुसता हात ठेवून उभी होती. मग तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. तळाला चार शितं चिकटली होती.

"तू जेवलीस का?"

"न्हाई. संपला की," रत्नाबाई म्हणाली. तिला ते तेव्हाच ध्यानात आलं.

"बस," नलिनीने तिला दंडाला धरून माझ्याशेजारी पोत्यावर बसवलं आणि ताट दोघींच्या मध्ये ठेवलं. "आधी तू घे."

दोघी एका ताटात जेवल्या. तो प्रश्न कोणी विचारला नाही, आणि त्याची गरजही राहिली नव्हती. भाभीने नियमाप्रमाणे पेन्सिल पुढे केली. रत्नाबाई म्हणाली, काय लिहायचं, काहीच चुकलं नाही. तेव्हा नलिनी म्हणाली, चुकलंय, आण इकडं. सत्तेचाळिसाव्या पानावर तसूभर जागा उरली नव्हती, म्हणून तिने ओळ आडवी लिहिली: 'सगळ्यांनी भात खाल्ला, करणारीला उरला नाही. पुढच्यांनी तिचं ताट आधी काढून ठेवावं.'

तर मित्रांनो, मला कव्हर घालून कपाटावर ठेवू नका. खुशाल हळदीच्या हाताने उघडा, आणि तुमचं काही चुकलं तर लिहून ठेवा. ते वाचून कोणाची तरी तीस वर्षांची लाज जाईल. आणि आता लग्नाचे दिवस आहेत, तुम्ही कुठेतरी जेवायला जाणारच. पंगतीत बसण्याआधी एकदा मागच्या दाराने डोकावून या, आणि तिथे उभ्या असलेल्या बाईला विचारा, तुमचं ताट काढलंय का.